पंडिता रमाबाई आणि भगिनीभावाच्या खुणा

(कला शाखा, द्वितीय वर्ष)

चार बायका एकत्र आल्या की त्यांच्यात काही खुणा आपोआप तयार होतात. पंचमीचा झोका आणि फेर, संक्रांतीचे वाण, पंढरीच्या वाटेवर डोक्यावर घेतलेले तुळशीवृंदावन, ही सगळी अशा खुणांचीच रूपे आहेत. कॉलेजात आल्यावर त्यांत आणखी भर पडते. एका रंगाच्या साड्या नेसण्याचा दिवस, गॅदरिंगमधली शेलापागोटी, तिसऱ्या वर्षाच्या ताईंना निरोप देताना म्हणायचे ठरलेले गाणे. ही खूण ज्यांच्याजवळ असते त्या आपल्या, एवढाच तिचा साधा अर्थ. परंतु खूण म्हणजे एक रेघही असते. रेघेच्या आत काही जणी येतात, तशा काही जणी बाहेरही राहतात. ह्या रेघेविषयी विचार करताना मला पंडिता रमाबाईंचे चरित्र फार मोलाचे वाटले. विद्यार्थिनी मैत्रिणींनी ते ह्या बाजूनेही वाचावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

आपल्याकडे ज्याला भगिनीमंडळ म्हणता येईल, तसली विद्यार्थिनींची मंडळे अमेरिकेतल्या कॉलेजांत आहेत. त्यांना सोरॉरिटी म्हणतात. लॅटिन भाषेत सोरोर म्हणजे बहीण, त्यावरून हा शब्द आला. मंडळाचे नाव बहुधा ग्रीक अक्षरांचे असते. प्रत्येकाचे रंग, फूल, गाणी आणि छातीवर लावायचा बिल्ला वेगळा. नवीन मुलीला घेताना शपथविधी होतो आणि त्यातल्या काही गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात. मॉनमथ येथे 1867 साली निघालेल्या, पुढे पाय बीटा फाय ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या मंडळाचा बिल्ला म्हणजे सोन्याचा बाण. काप्पा काप्पा गामा ह्या 1870 च्या मंडळाची खूण किल्ली. त्याच वर्षी इंडियाना राज्यात काप्पा आल्फा थीटा निघाले, त्याचा बिल्ला पतंगाच्या आकाराचा.

ह्या शेवटच्या मंडळाच्या जन्माची हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. बेटी लॉक ही त्या कॉलेजात प्रवेश मिळालेल्या पहिल्या मुलींपैकी एक. मुलांच्या एका मंडळाने तिला आपला बिल्ला लावायला देऊ केला, पण सभासद करून घेण्याची तयारी दाखवली नाही. म्हणजे शोभेसाठी बिल्ला लावावा आणि बैठकीच्या वेळी बाहेर थांबावे! बेटीने तो बिल्ला नाकारला आणि मुलींचे स्वतःचे मंडळ काढले. पण पुढे काय झाले? मुलांनी दार लावले म्हणून ज्या मुलींनी आपले घर बांधले, त्यांच्या घराची दारे काळ्या मुलींना बंदच राहिली. म्हणून 1908 साली हॉवर्ड विद्यापीठात काळ्या विद्यार्थिनींना आल्फा काप्पा आल्फा हे आपले वेगळे मंडळ काढावे लागले. ज्याला बाहेर ठेवले तोही आपल्या पाळीला कुणाला तरी बाहेर ठेवतो. ही गोष्ट अमेरिकेची असली तरी आपल्यालाही अपरिचित नाही.

ह्याच काळात, ह्याच अमेरिकेत, एक मराठी बाई पांढरे पातळ नेसून शहरोशहरी व्याख्याने देत फिरली आणि तिच्या नावाची मंडळे तिथे निघाली. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईने संस्कृत शिकू नये, असा तो काळ. अनंतशास्त्र्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले. त्याबद्दल त्यांना धर्मपंडितांसमोर उत्तर द्यावे लागले आणि शेवटी वस्ती सोडून ते रानात आश्रम करून राहिले. पुढे पैसा संपला, कर्ज झाले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तेव्हा रमाबाई अगदी तान्ह्या होत्या. वेताच्या पेटीत घालून त्यांना डोंगरावरून खाली आणले गेले. पुढची कित्येक वर्षे देवळात पुराण सांगावे, जे मिळेल त्यावर राहावे आणि पुढच्या तीर्थाची वाट धरावी, असे आयुष्य. आईनेच मुलीला संस्कृत शिकवले. कुठे शाळा नाही, फळा नाही. हजारो श्लोक तोंडी.

सन 1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाचे दिवस आले. वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, मग थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढेच राहिले. ही दोघे पायी हिंदुस्थान फिरली. कधी रानातली फळे खाऊन दिवस काढला, कधी थंडीत अंगाभोवती माती ओढून रात्र काढली.

आमच्या आजीने 1972 चा दुष्काळ पाहिला. गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई आणि मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी आणी. रमाबाईंच्या चरित्रातले हे पान मी आजीला वाचून दाखवले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. शास्त्र्याची मुलगी आणि मजुराची बाई ह्यांच्यात कितीही अंतर असले तरी भुकेची ओळख पटायला वेळ लागत नाही.

सन 1878 मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी विशीतल्या ह्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. रमाबाईंना समाजाकडून मिळालेली ही पहिली मानाची खूण. परंतु ज्या शास्त्रांच्या अभ्यासासाठी हा मान मिळाला, ती शास्त्रे बाईविषयी काय सांगतात, हे त्या जसजशा वाचत गेल्या तसतसा त्यांचा मान त्यांनाच जड होऊ लागला. एका बाईला पदवी मिळाल्याने बाकीच्या बायकांना अक्षर मिळत नाही, हे त्यांनी लवकर ओळखले.

सन 1880 मध्ये भाऊ श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. नवरा परप्रांताचा, परजातीचा. ह्या लग्नाने दोन्हीकडची माणसे दुरावली. सन 1881 मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. पण संसार दोन वर्षेही टिकला नाही. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने बिपिनबाबूंचा अंत झाला. चोविसावे वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा रमाबाई विधवा झाल्या.

त्या काळी सधवेच्या अंगावरची एकेक वस्तू म्हणजे एकेक परवाना होता. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी, डोक्यावरचे केस. नवरा गेला की हे परवाने एकेक करून काढून घेतले जात आणि ती बाई आपल्याच घरात बाहेरची होई. उच्च म्हणवणाऱ्या जातींत तर केशवपन करून तांबडे अलवण नेसवीत. विधवेला बाहेर ठेवण्याचे काम पुरुष सांगत असले तरी ते रोजच्या रोज पार पाडीत घरातल्या बायकाच. ती समोर आली तर अपशकुन, हळदीकुंकवात तिला बोलावणे नाही, मुलीच्या लग्नात तिने मांडवाच्या कडेला राहायचे. रमाबाईंनी आपले केस आखूड कापले, पांढरे पातळ पत्करले. त्यांच्या छायाचित्रांत त्या अशाच दिसतात. पण त्या कोपऱ्यात मात्र बसल्या नाहीत. कडेवरच्या मुलीला घेऊन त्या त्याच वर्षी पुण्यास आल्या.

पुण्यात 1882 मध्ये त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. मुलींना शिकवावे, त्यांची लहानपणी लग्ने करू नयेत, हे त्याचे मुख्य विचार. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे ह्या सभांना जाऊ लागल्या तेव्हा त्यांना घरातल्या बायकांची बोलणी खावी लागली. मला वाटते, आपल्या महाराष्ट्रातल्या आधुनिक भगिनीमंडळांचा उगम शोधायचा तर इथवर मागे जावे लागेल. त्या समाजात बाईने आणायची खूण म्हणजे घराचा उंबरा ओलांडून येणे, एवढीच होती. आजच्या मुलीला ती किरकोळ वाटेल. पण त्या दिवसांत सोन्याच्या बिल्ल्यापेक्षा ती महाग होती. त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांना स्त्रीशिक्षिका हव्यात आणि बायकांना वैद्यकीचे शिक्षण मिळावे, असे त्यांनी आग्रहाने मांडले.

स्वतः वैद्यकी शिकावी ह्या इच्छेने रमाबाई 1883 मध्ये मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ती इच्छा पुरी झाली नाही. वाँटेज येथे ख्रिस्ती जोगिणींचा एक मठ होता, तिथे त्या राहिल्या. ह्या बायका एकमेकींना सिस्टर म्हणजे बहीण म्हणत, सारखा वेष करीत, क्रूस धारण करीत. टाकलेल्या, फसलेल्या बायकांना त्या माणुसकीने वागवतात, हे पाहून रमाबाईंच्या मनावर खोल परिणाम झाला आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात ह्यावरून मोठा गहजब झाला. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी सत्सारमध्ये तसे लिहिले.

एरवी हा भाग सांगताना लोक इथेच थांबतात. मला पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. धर्म बदलला तरी रमाबाईंनी आपली पारख कुणाच्या हवाली केली नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती, त्यांना त्यांनी हरकत घेतली. आपल्या देशातल्या माणसाला न कळणारीच भाषा हवी असेल तर लॅटिन कशाला, आपली संस्कृत का नको, असा त्यांचा रोख होता. पुढे त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकल्या आणि तिथे संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी मुलांना शिकवू नये असे काही बिशपांनी सुचवले तेव्हा तेही त्यांना पटले नाही. जुन्या धर्माच्या पंडितांना ज्या बाईने प्रश्न विचारले, तिने नव्या धर्माच्या अधिकाऱ्यांनाही विचारले. खूण घ्यायची तर ती समजून घ्यायची, ही त्यांची रीत होती.

सन 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभाचे. नात्याने आनंदीबाई त्यांच्या लांबच्या बहीण लागत. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा रमाबाई तिथे हजर होत्या. आनंदीबाई परत आल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यात वारल्या. रमाबाई जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. बालवाडीचे शिक्षण घेतले, व्याख्याने दिली. हिंदू विधवांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले द हाय कास्ट हिंदू वुमन हे पुस्तक 1887 मध्ये निघाले आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. दारूबंदीसाठी झटणाऱ्या, पांढरी फीत लावून फिरणाऱ्या बायकांची मोठी संघटना त्यांनी जवळून पाहिली. तिच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड ह्यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. बायका संघटित होऊन हिशेब ठेवतात, सभा चालवतात, ठराव करतात, ह्याचे त्यांना मोठे कौतुक वाटले. परत आल्यावर त्यांनी अमेरिकेवर मराठीत जे पुस्तक लिहिले, त्यात हे सारे आले आहे.

डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. हिंदुस्थानात उच्चवर्णीय विधवांसाठी एक निधर्मी शाळा काढायची आणि तिचा खर्च दहा वर्षे चालवायचा, असे ठरले. त्यासाठी गावोगावी रमाबाई सर्कल नावाची लहान लहान मंडळे निघाली. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थिनींचेही असे एक मंडळ होते. सभासद होण्यासाठी वर्षाला किमान एक डॉलर द्यायचा. ज्या मुलींनी कधी हिंदुस्थान पाहिला नाही, त्या आपल्या खर्चातून हा डॉलर बाजूला काढीत होत्या. तो ज्या मुलीच्या पाटीपेन्सिलीला लागणार होता, तिचे नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हते. बाण, किल्ली, पतंग ह्या बिल्ल्यांच्या देशात एका मराठी बाईच्या नावाने हे जे मंडळ जमले, त्याची खूण स्वतःच्या छातीवर लावायची नव्हती. ती दुसरीच्या हातात जाणारी होती. ह्या लेखात मला मुख्यतः जे सांगायचे आहे ते हेच.

फेब्रुवारी 1889 मध्ये रमाबाई परतल्या आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन सुरू केले. नाव विद्येच्या देवतेचे. पहिल्या मुलींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. हीच पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली आणि ज्या कर्व्यांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला, त्यांच्या कामात आयुष्यभर राबली. सन 1890 मध्ये सदन पुण्यास आले. तिथे मुलींना आपापले सोवळे, व्रते, जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती. घरात ज्यांच्या वाट्याला फक्त राबणे आणि बोलणी होती, त्या मुली तिथे लिहायला, हसायला आणि एकमेकींना नावाने हाक मारायला शिकल्या.

परंतु वाद लवकरच पेटला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसू लागल्या. सदनात धर्मांतर चालते, दिलेला शब्द मोडला, असा आरोप झाला. केसरीने कडक टीका केली. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कुणाला बोलावीत नाही आणि आलेलीला हाकलून दार लावणार नाही. सन 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. ह्या वादात दोन्हीकडे तथ्य होते असे मला वाटते. निधर्मी शाळेचे वचन पालकांना महत्त्वाचे वाटले, ह्यात नवल नाही. पण काढून नेलेल्या मुलींपैकी कितीजणी पुन्हा त्याच अंधाऱ्या माजघरात गेल्या असतील, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाईंना आपले लहानपण आठवले असणार. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर नेले. दौंडहून पुण्याकडे जाताना हे स्टेशन लागते. इथे मुक्ती सदन उभे राहिले. सन 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. केडगावला मात्र जातीची अट उरली नाही. डॉलरांच्या मंडळालाही जी रेघ पुसता आली नव्हती, ती दुष्काळाने आणि रमाबाईंच्या छातीने पुसली. पसरलेल्या हाताची जात विचारायला ज्याला सवड असते, त्याने भूक पाहिलेली नसते.

केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. तिथे प्रार्थना होती, तसे कामही होते. मुली विणकाम करीत, शेती करीत, गाईगुरे सांभाळीत, छापखान्यात खिळे जुळवीत. मनोरमेने अंध मुलींसाठी शिक्षण सुरू केले. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. अडाणी बाईलाही कळेल असे ते असावे, हा त्यांचा हट्ट होता. क्रूसावरच्या लॅटिनला हरकत घेणाऱ्या बाईला हे साजेसेच होते. छापण्याचे काम संस्थेतल्या बायकांनी केले. सन 1919 मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. आईबाप, भावंडे, नवरा आणि आता मुलगी. एवढे होऊनही भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. भारत सरकारने 1989 मध्ये त्यांच्या नावे टपालाचे तिकीट काढले.

चरित्र इथे संपते. पण मी ते वाचू लागले तेव्हा माझ्यासमोर होती माझी आत्या.

आत्या लग्नानंतर चौथ्या वर्षी विधवा होऊन आमच्या घरी आली. तेव्हा मी पाळण्यात होते. तिच्या हातात बांगडी मी कधी पाहिली नाही. माझा बारावीच्या परीक्षेचा फॉर्म तिने कापूस वेचणीच्या मजुरीतून भरला. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिली. मी परभणीला निघाले त्या सकाळी आत्याने भाकरी थापल्या, ठेच्याची बरणी बांधली, माझी पत्र्याची पेटी उचलून दारापर्यंत आणली. जीप आली तेव्हा माझी माय, काकू, शेजारणी दारात उभ्या राहिल्या. आत्या गोठ्यात निघून गेली. तिला तसे कुणी सांगितले नव्हते. शुभ कामाला निघालेल्या मुलीच्या समोर आपण असू नये, हे तिला आपोआप समजत होते. जिच्या पैशाने मी निघाले, तिचेच तोंड पाहून मला निघता आले नाही. कायद्याचे, शाळेचे, सरकारचे एवढे दिवस उलटले, तरी ती रेघ आमच्या अंगणात होती आणि ती ओढणारा कुणी दिसत नव्हता.

रमाबाई गेल्या त्याला 2022 च्या एप्रिलमध्ये शंभर वर्षे झाली. पुढच्याच महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग राज्य सरकारनेही सर्व ग्रामपंचायतींना तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. ठराव होणे ही मोठीच गोष्ट. पण कागदावरचा ठराव गोठ्यापर्यंत चालत जायला कुणाची तरी पावले लागतात.

गेल्या संक्रांतीला आमच्या वसतिगृहात हळदीकुंकू करायचे ठरले. स्वयंपाक करणाऱ्या मावशी विधवा आहेत. त्यांना बोलावायचे की नाही, ह्यावर आम्हा मुलींत दोन रात्री वाद झाला. काहींना ते पाप वाटले. काहींना वाटले की मावशींनाच अवघड होईल. शेवटी आम्ही समारंभाचे नाव तिळगूळ एवढेच ठेवले आणि वाण सर्वांना सारखे ठरवले. बोलवायला आम्ही चौघी स्वयंपाकघरात गेलो. मावशी आल्या. दाराशी बसल्या. कुंकू लावू दिले नाही, मानेनेच नको म्हणाल्या. तिळगूळ आणि स्टीलची वाटी मात्र दोन्ही हातांनी घेतली. एका मुलीला वाटले की आग्रह करून कुंकू लावायला हवे होते. मला तसे वाटत नाही. खूण काढून घेणे ही जबरदस्ती, तशी ती लादणे हीही जबरदस्तीच. रमाबाईंनी कुणाला ओढून आणले नाही आणि दारही लावले नाही, हे मला त्या वेळी आठवत होते. मावशी दाराशी बसल्या ह्याचे वाईट वाटते. पुढच्या वर्षी त्या चार हात आत बसतील अशी आशा आहे.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकींच्या आईला सहीऐवजी अंगठा करावा लागला आहे. आपल्या गंगाखेडची जनाबाई दळणकांडण करीत संतपदाला पोचली, पण तिला शाळा मिळाली नव्हती. आपल्याला ती मिळाली, ती कुणीतरी कुठेतरी दार उघडे ठेवले म्हणून. तेव्हा आपणही खुणा जरूर कराव्यात. एका रंगाच्या साड्या नेसाव्यात, गाणी म्हणावीत, निरोपाला रडावे. फक्त प्रत्येक खुणेच्या वेळी एकदा दाराकडे पाहावे, बाहेर कोण उभी आहे. ज्या मुलीजवळ त्या रंगाची साडी नाही, ती त्या दिवशी आजारी असल्याचे सांगून खोलीत झोपून राहते, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे?

आमच्या वसतिगृहात ह्या वर्षापासून बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला आहे. महिन्याला ज्या मुलीला जमेल तिने त्यात दहा रुपये टाकायचे आणि जिचा परीक्षेचा फॉर्म अडला असेल तिने त्यातून घ्यायचे. कुणी टाकले, कुणी घेतले, ह्याची वही नाही. डब्याला सावित्रीबाईंचे नाव द्यावे, जनाबाईचे द्यावे की रमाबाईंचे, ह्यावर अजून एकमत झालेले नाही, आणि वाद रंगला आहे. तोवर डबा बिननावाचाच आहे. पहिल्या सत्रात त्यातून दोन फॉर्म भरले गेले.